आमच्या घोड्याचे अडथळे

चहा घ्या आधी, गार होईल. आणि मी जे सांगतोय ते आमच्या गल्लीत कुणाला विचारू नका, कारण गल्लीला ते माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगता येतं. माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका, म्हणजे थोडी तरी आटोपशीर राहील.

गोष्ट आहे एका घोड्याची. आता तुम्ही म्हणाल, काशीत पंचगंगा घाटाच्या वर राहणाऱ्या पेन्शनर माणसाचा घोड्याशी काय संबंध? काहीच नव्हता. मी माझ्या वरातीतसुद्धा पायी गेलो होतो.

संबंध आला तो अनिरुद्धमुळे. अनिरुद्ध माझा पुतण्या, माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, एकुलता एक मुलगा. इंग्लंडात नोकरी करतो, एकटाच राहतो. दिवाळीच्या तोंडावर दादा अचानक गेला. अनिरुद्ध तिकडून निघून इथे पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अग्नी मी दिला. पोरगा आला, तेरावं होईपर्यंत भिंतीला टेकून बसला, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, आणि परत गेला.

दर रविवारी तो दादाला फोन करायचा. दादा गेल्यावर तो फोन मला यायला लागला. आता मला सांगा, बापाशी व्हायचं ते बोलणं काकाशी कसं व्हायचं?

"जेवलात का काका?"

"जेवलो. तू?"

"जेवलो. थंडी आहे?"

"आहे. तिकडे?"

"आहे."

मग दोघंही गप्प. माझी बायको सुधा स्वयंपाकघरातून विचारायची, "अहो, कट झाला का?" मी म्हणायचो, "नाही, बोलतोय." फोन ठेवला की मला जेवण जायचं नाही. पोरगा तिकडे एकटा काय करत असेल, हा विचार सोमवारपर्यंत पुरायचा.

अशात एका रविवारी तो म्हणाला, "काका, एक बात बताऊँ? माझा घोडा आहे."

मला वाटलं, झालं, दुःखाने पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. पण तसं नव्हतं. ऑफिसातल्या दहाबारा जणांनी मिळून शर्यतीचा एक घोडा घेतला होता. अनिरुद्धच्या वाट्याला, त्याच्याच शब्दांत सांगायचं तर, एक कान आणि थोडी आयाळ आली होती.

"बाबांना सरप्राइज देणार होतो," तो म्हणाला. "सांगायचं राहूनच गेलं."

हे तो इतक्या सरळ आवाजात म्हणाला की मी घाईघाईने विचारलं, "रंग कोणता?"

"करडा. नाव ओल्ड अम्ब्रेला."

जुनी छत्री. घोड्याचं नाव हे असं. पण त्या दिवशी आम्ही चांगलं अर्धा तास बोललो. फोन ठेवला तेव्हा सुधा दारात उभी होती, हाताला कणीक तशीच. म्हणाली, "कुणाशी बोलत होतात एवढं?"

त्यानंतर मी घोड्यांचा अभ्यासच सुरू केला. जानेवारीत तिकडे एक मोठी हर्डल रेस होती. म्हणजे नुसतं पळायचं नाही, वाटेत कमरेएवढे अडथळे असतात, त्यांच्यावरून उड्या मारत जायचं. असे आठ अडथळे. तिकडचे नामांकित घोडे तिच्यात उतरतात, आणि आमच्या छत्रीला त्यांच्यात जागा मिळाली होती. मग काय, रविवार पुरेना. मी गुरुवारीही फोन करायला लागलो.

"खरा धोका मिडनाइट बेकरचा," अनिरुद्ध सांगायचा. "काका, तो पळायला लागला ना, एकदम तूफान. पण उडी मारण्याआधी सोचता बहुत है. प्रत्येक अडथळ्यापाशी अडखळतो."

"आणि ती घोडी? कर्नल्स डॉटर?"

"उडी साफ आहे. पण तबियत तिरकस. मनात आलं तर पळेल, नाहीतर जॉकीलाच पाडेल."

"त्या प्लेन टॉकचं काय?"

"वय झालं काका. दम आहे, वेग नाही. तिसरा येईल, फार तर."

"आणि आपला?"

इथे त्याचा आवाज बदलायचा. "आपला मोकळ्यावर सगळ्यांत हळू. पण उडी बघा तुम्ही. बाकीचे अडथळ्यापाशी थबकतात, हा तरंगत जातो. प्रत्येक उडीला एक घोडाभर अंतर कापतो. आठ अडथळे म्हणजे आठ घोडे पुढे. म्हणून जिंकू शकतो. काका, हा जिंकला तर मी त्याच्याबरोबर फोटो काढणार. तो बाबांच्या फोटोशेजारी लावाल?"

मी म्हटलं, लावीन. आणि फोन ठेवल्यावर खूप वेळ दादाच्या फोटोकडे बघत बसलो. पोराने एवढी आशा त्या चार पायांवर ठेवलेली. हरला तर परत "जेवलात का, जेवलो".

म्हणून ठरवलं, आपल्या हातात आहे ते आपण करायचं. आणि काशीत माणसाच्या हातात काय असतं, ते तुम्हाला माहीतच आहे.

संकठामाता. संकटं, अडथळे, सगळं तिच्याकडे. शर्यतीच्या आठवड्यात मी आमच्या नाना गुरुजींना गाठलं. आमच्याच गल्लीतले, लहानपणापासूनचे. म्हटलं, अनिरुद्धच्या नावाने देवीपुढे संकल्प सोडायचाय.

"कशासाठी?" गुरुजींनी विचारलं.

आता सांगा, दादाला जाऊन पुरते तीन महिने झालेले नाहीत, आणि मी देवीपुढे घोड्यांच्या शर्यतीचं नाव कसं काढू? गुरुजी म्हणाले असते, जुगार खेळतोस काय. मी म्हटलं, "त्याच्या मार्गात अडथळे आहेत."

"नोकरीचे?"

"नाही."

"घरातले?"

"नाही. तसे उघड्यावरचेच आहेत. एकामागून एक येतात."

गुरुजींनी आवाज खाली आणला. "कोर्टाचं काही आहे का रे?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि काय बोललो? म्हणालो, "शनिवारी निकाल आहे."

झालं. गुरुजींचा चेहरा असा पडला की मला वाटलं तेच रडतील. "बापाविना पोर," एवढंच म्हणाले. "तू एकटा नको बसूस. चार माणसं बसवू."

चार कसली, चौदा आली. समोरच्या कुसुमकाकूंनी परस्पर ठरवून टाकलं की अनिरुद्धला तिकडचं सरकार देशाबाहेर काढतंय. त्यांनी त्याला फोनही केला, "बेटा, घाबरू नकोस, इथे आपलं घर आहे," म्हणून. त्याने मला विचारलं, "काका, तिकडे काय चाललंय?" मी म्हटलं, "काही नाही, थंडी आहे."

संकठा घाटाच्या त्या गल्लीत, शाली पांघरून, सगळे देवीपुढे बसले. गुरुजींनी संकल्प सांगितला. "अनिरुद्धच्या मार्गातले सर्व अडथळे समूळ दूर होवोत." समूळ हा शब्द त्यांनी तीनदा उच्चारला, आणि दर वेळी माझ्याकडे बघून. कुसुमकाकूंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्यांचा तो जिव्हाळा बघून माझी मान वर होईना. तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. पण इतकी माणसं मनापासून रडत असताना घोड्याचं नाव कसं घेणार?

बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? अनिरुद्ध एकदा म्हणाला होता की पाऊस पडून चिखल झाला तर आपला घोडा पाय उचलत नाही. छत्री, आणि पावसात चालत नाही. तेव्हा शनिवारी सकाळी मी पंचगंगेला उतरलो. धुकं असं की पायरी पायाला लागल्यावर कळायची. आठवडाभर सूर्य कुणी बघितला नव्हता. मी अंदाजानेच पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य दिलं आणि म्हटलं, "इथे नाही आलास तरी चालेल. तिकडे मात्र लख्ख ऊन पाड."

शर्यत तिकडच्या दुपारची, म्हणजे इथे दिवेलागण होऊन गेलेली. मी आणि सुधा फोन डब्याला टेकवून बसलो. एवढ्यात कडी वाजली. नाना गुरुजी आणि कुसुमकाकू. प्रसाद घेऊन, निकाल ऐकायला.

परत पाठवणार कसं? बसले. गुरुजींनी जपमाळ काढली. कुसुमकाकू पदर तोंडाला लावून. चौघांत मिळून एका मर्तिकाएवढी शांतता. आणि फोन वाजला.

पडद्यावर अनिरुद्ध. कोट, टाय, गळ्यात दुर्बीण. मागे हिरवंगार मैदान.

"कोर्ट मोठं आहे," गुरुजी म्हणाले.

तेवढ्यात मागून दोन घोडे गेले. कुसुमकाकूंनी पदर खाली घेतला. "कोर्टात घोडे कसे?"

मी खाली मान घालून सांगितलं. सगळंच सांगितलं, घोडा, छत्री, आठ उड्या, सगळं. गुरुजींनी जपमाळ पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "दादाचा पोरगा आहे. आता बघू तरी."

"काका, ऊन बघा," अनिरुद्ध तिकडून म्हणत होता. "महिनाभरात असं ऊन नव्हतं." मी सुधाकडे बघितलं. मला, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला.

मग तिकडच्या भोंग्यावर काहीतरी सांगितलं गेलं. अनिरुद्ध ऐकत राहिला. त्याचा चेहरा उतरत गेला.

"काय झालं रे?"

"सूर्य खाली आलाय, काका. समोरून येणाऱ्या घोड्यांच्या डोळ्यांवर ऊन येतंय. अडथळे दिसणार नाहीत, अपघात होईल, म्हणून समोरच्या बाजूचे अडथळे काढून टाकले."

"किती?"

"आठातले पाच. शेवटचे सगळे गेले. मागच्या बाजूचे तीनच राहिले."

गुरुजी अगदी हळू म्हणाले, "मी समूळ म्हटलं होतं."

शर्यत सुटली. त्या तीन अडथळ्यांवरून आमची छत्री खरंच तरंगत गेली हो. उडी घेताना असा सुंदर दिसला तो घोडा की कुसुमकाकूंनी हात जोडले. मग लागला मोकळा रस्ता, आणि तो मिडनाइट बेकर, ज्याला उडीआधी विचार करायची सवय होती, त्याला आता विचार करायला काही उरलंच नव्हतं. सुटला तो सुटलाच. घोडी पुढे गेली, म्हातारा प्लेन टॉकही पुढे गेला. आमच्या घोड्याने एका जागी तर हवेतच उडी घेतली. तिथे काहीच नव्हतं. तुम्हाला खोटं वाटेल, पण चौघांनी पाहिलंय. शेवटून दुसरा आला.

अनिरुद्धने गळ्यातली दुर्बीण काढली. शेवटी म्हणाला, "नशीब. कोण काय करणार?"

तेवढ्यावर मी गप्प बसलो असतो तर? पण मला राहवेना. पोरगा नशिबाला दोष देतोय आणि दोषी इथे बसलाय. मी सांगून टाकलं, संकठामाता, संकल्प, चौदा माणसं, पहाटेचं अर्घ्य.

तो ऐकत होता. मग त्याने विचारलं, "काका, तुम्ही देवीला सांगितलंत अडथळे दूर कर म्हणून?"

"हो."

"आणि सूर्याला सांगितलंत ये म्हणून?"

"हो रे."

"तुम्ही शाळेत भूगोल शिकवायचात ना? इतक्या उत्तरेला जानेवारीत सूर्य कुठे असतो?"

आता हे तुम्हाला सांगायचं राहिलं. उभा जन्म मी भूगोल शिकवला. हिवाळ्यात उत्तरेकडे सूर्य क्षितिजाला घासून जातो, हे न सांगता आल्याबद्दल मी पोरांना बाकावर उभं केलेलं आहे.

"क्षितिजापाशी," मी म्हटलं.

त्याचा चेहरा पडद्यावरून गेला. नुसतं आकाश दिसायला लागलं, आणि विचित्र आवाज. मला वाटलं हसतोय. हसतच होता आधी. मग ते हसणं मध्येच कुठेतरी मोडलं. "बाबा असते तर," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. त्या सगळ्या कोटवाल्या माणसांच्यात उभा राहून हमसून हमसून रडला. इथे कुसुमकाकू रडायला लागल्या, सुधा रडायला लागली. गुरुजी "रडू दे, रडू दे" म्हणत होते, आणि मी फोन धरून बसलो होतो. दादाला नेताना मी रडलो नव्हतो. त्या दिवशी काय झालं, ते विचारू नका.

मला वाटलं, आता हा पोरगा महिनाभर तरी फोन करणार नाही. तर दुसऱ्याच दिवशी, रविवारी, ठरल्या वेळी फोन.

"काका, घोड्याच्या बाकीच्या मालकांना मी सगळं सांगितलं."

मी कपाळाला हात लावला. "काय म्हणाले?"

"आधी हसले. मग गंभीर झाले. त्यांनी मीटिंग घेतली आणि एकमताने ठरवलं. पुढच्या शर्यतीत काकांनी आपल्या घोड्यासाठी काहीही मागायचं नाही. मिडनाइट बेकर परत येतोय, काकांनी त्याच्यासाठी मागावं. जेवढं जमेल तेवढं."

असं माझं नाव सातासमुद्रापार पोचलं. पण खरी लाज पुढेच आहे. एखाद्याने म्हटलं असतं, बाबा रे, पुन्हा असल्या भानगडीत मी पडणार नाही. मी काय केलं असेल? सुधा स्वयंपाकघरातून ऐकत होती, तिने तर कपाळच बडवून घेतलं.

मी विचारलं, "त्या बेकरचं गोत्र कोणतं लावायचं?"