एका शब्दाचा हौद

नवी पेठेत कापडाचं दुकान चालवणारे महादेवप्पा गिऱ्हाइकासमोर मोजकं बोलत, आणि घरी आले की तेवढंही बोलत नसत. त्यांच्या वाट्याचं बोलणं त्यांची बायको गुरम्मा बोले. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडलं, घरात नवरा-बायकोची भाषा कानडी. पण बावीस वर्षं सोलापुरात काढल्यावर भाजीवालीला चोख मराठीत गप्प करण्याइतकी तिची तयारी झाली होती.

गुरम्माला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती आणि ती सोन्याची नव्हती. तिला न्हाणीघरात पाण्याचा हौद हवा होता. परसातल्या नळाला पहाटे तासभर पाणी येई. तेवढ्यात ती सोळा हंडे भरून आत नेई, आणि महादेवप्पा घंगाळातले दहा तांबे अंगावर ओतून आतून ओरडत, "पाणी संपलं!" तिचा गुडघा ठणकायचा. कधी रडू यायचं, बहुतेक वेळा रागच यायचा. हौदाचा विषय काढला की महादेवप्पा म्हणत, "पुढच्या वर्षी बघू." असं ते गेली अकरा वर्षं म्हणत होते.

चौतीस सालच्या माघात न्हाणीतली फरशी इतकी खचली, की पाणी मोरीकडे जायचं सोडून स्वयंपाकघराकडे निघालं. मग कुठे शहाबादी फरशीची गाडी दारात आली. न्हाणीला लागेल त्याहून बरीच जास्त फरशी पाहून गुरम्मा हरखली. पण महादेवप्पांनी लगेच सांगून टाकलं, उरेल ती दारापुढच्या ओट्याला. संध्याकाळी चार माणसांत बसायला ओटा नको का? म्हणजे माझ्या गुडघ्यापेक्षा यांची बैठक मोठी, असं गुरम्माच्या मनात आलं आणि ते तिथेच रुतून बसलं.

काम हरिबा गवंड्याला दिलं. माणूस अकलूजकडचा, हात सफाईचा, कानडीचा मात्र गंध नाही. नेमकी त्याच वेळी महादेवप्पांच्या वैरागच्या शेतात ज्वारी काढणीला आली. आठ दिवसांसाठी निघताना त्यांनी बायकोला कानडीत बजावलं, "तू बोललीस की काम वाढतं. मागं त्या सुताराला एक फळी तीनदा काढायला लावलीस. गवंडी काय विचारील त्याला नुसतं 'हौद' म्हण. दुसरा शब्द नको."

आता कानडीत 'हौद' म्हणजे 'होय'. गुरम्माने ओठ आवळले आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी हरिबाने जुनी फरशी उखडली, पहार बाजूला ठेवली आणि दारातून विचारलं, "बाई, उतार मोरीकडंच काढू न्हवं?"

"हौद," गुरम्मा म्हणाली. हा पहिला हौद अगदी प्रामाणिक होता, हे तिच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

हरिबाने थापी खाली ठेवली. "हौद? मालक तर कायबी बोललं न्हाईत. हौद बांदायचा हाय व्हय?"

गुरम्मा तोंड उघडून थांबली. एका वाक्यात तिला सगळं निस्तरता आलं असतं. पण दुसरा शब्द काढायची बंदी होती ना! तिच्या पोटात गुदगुल्या झाल्या. चेहरा मात्र तिने देवळात बसल्यासारखा ठेवला.

"हौद."

"ह्या कोपऱ्यात? भितीपल्याड नळ हाय. भोक पाडून पन्हळ लावली की पानी आपसूक आत ईल."

"हौद!" हा जरा मोठ्यानेच निघाला.

"आन् फरशी? उरलेली लावू?"

इथे मात्र तिने रचून ठेवलेल्या फरशीकडे पाहिलं. ती फरशी ओट्याची होती. तिने गुडघ्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाली, "हौद."

आठ दिवसांनी महादेवप्पा अंगभर धूळ घेऊन परतले. दारापुढे ओट्याची जागा तशीच, फरशीचा पत्ता नाही. ते तडक न्हाणीत गेले. कोपऱ्यात कमरेएवढा हौद काठोकाठ भरलेला. पेठेला ऐकू जाईल असा आवाज त्यांनी लावला.

आटोपाआटोप करत असलेला हरिबा गांगरला. "मालक, बाईंनीच सांगितलं की! येकदा न्हाय, चारदा सांगितलं!"

"तुम्हीच म्हणालात की, हौद म्हण," गुरम्मा म्हणाली. "दुसरा शब्द काढला असेल तर शपथ."

"उद्या पाडून टाक हा!" महादेवप्पा गरजले आणि अंगावरची धूळ असह्य झाल्याने आधी आंघोळीला बसले.

गुरम्मा बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. आता मात्र तिला हसू येत नव्हतं. अकरा वर्षांची आस उद्या हातोड्याखाली जाणार होती. आतून तांब्यामागून तांब्या ओतल्याचा आवाज येत होता. दहा झाले, वीस झाले. आज कुणी ओरडलं नाही. उलट महादेवप्पा चक्क गुणगुणत होते, आणि ते तिने बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

कान पुसत ते बाहेर आले. हरिबा हातोडा घेऊन उभाच होता. त्याने घाबरत विचारलं, "मग काय करू, मालक? ऱ्हाऊ दिऊ?"

अंग हलकं झालेलं, जीव निवलेला. महादेवप्पांच्या तोंडून घरची भाषाच निघाली.

"हौद, हौद."

हरिबाच्या हातातला हातोडा खाली आला. "आनी दोन? पर मालक, फरशी संपली की!"