मावशींचं क्विन्स

माझ्या बायकोच्या मावशींशी वाद घालून कुणी जिंकल्याचं आमच्या अख्ख्या नेपरव्हिल गावात ऐकिवात नाही. सगळी हयात इथल्या इस्पितळात लोकांची पोटं उघडण्यात आणि शिवण्यात घालवल्यावर त्या रिटायर झाल्या आणि त्यांनी बाग केली. बाग म्हणजे एकच झाड. एका इराणी पेशंटनं दिलेलं क्विन्सचं रोप त्यांनी घराच्या पुढ्यातच लावलं. ओबडधोबड पेरूसारखं दिसणारं, अंगावर करडी लव असलेलं आणि कच्चं खाल्लं तर जीभ टाळूला चिकटवणारं हे फळ. पण मावशींना ते फारच आवडलं. "तोंडावर गोड नाही, हाच त्याचा गुण," त्या म्हणत. रोज सकाळी त्या झाडाचा राउंड घेत, बर्फ पडला तरी बूट चढवून. घरी कुणी आलं की चहा नंतर. "आधी पेशंट बघून घे," असं म्हणून त्या आम्हाला पानाखालचे ठिपके दाखवत.

एका सप्टेंबरात वसाहतीच्या कमिटीचं पत्र आलं: पुढच्या अंगणात फळझाडाला परवानगी नाही, महिन्याभरात काढून टाकावं. मी म्हटलं, "मावशी, मागच्या अंगणात हलवू या का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगाचच फ्रीज उघडून आत बघू लागलो. मीटिंगला त्या पर्समध्ये फक्त एक क्विन्स आणि सुरी घेऊन गेल्या. अध्यक्षांपुढे एक फोड ठेवून म्हणाल्या, "तुम्ही याला फळ म्हणता ना? खाऊन दाखवा." तो बिचारा सभ्य माणूस. त्यानं चावलं. त्याचे गाल आत गेले, डोळ्यांत पाणी आलं. मावशींनी शांतपणे पाण्याचा ग्लास पुढे केला. "आता सांगा, हे फळ आहे?" त्यानं जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं. "मिनिट्समध्ये लिहून घ्या," मावशी म्हणाल्या आणि बसल्या. झाड शोभेचं ठरलं. ऑक्टोबरात त्याच शोभेच्या झाडाच्या फळांचा त्यांनी मुरांबा केला. मंद आचेवर तासन्‌तास शिजून पांढऱ्या फोडी लालबुंद झाल्या. पहिली बरणी त्यांनी अध्यक्षांकडे नेऊन दिली.

पण पुढल्या जूनमध्ये झाडाचे शेंडे जळल्यासारखे काळे पडले आणि वाकले. फायर ब्लाइट. रोग शेंड्याकडून बुंध्याकडे उतरत होता. माळीबुवा म्हणाला, "मॅडम, मुळापासून काढा." मावशींनी त्याला वाटेला लावलं. कोरड्या हवेची एक सकाळ बघून त्या शिडीवर चढल्या; मी खाली स्पिरिट घेऊन उभा. काळ्या भागाच्या हातभर खाली कापायचं, कात्री स्पिरिटनं पुसायची, मग पुढची फांदी. "अजून खाली," असं स्वतःलाच बजावत त्यांनी निम्मं झाड उतरवलं. खाली येऊन त्यांनी कात्री पुन्हा एकदा पुसली. कापलेल्या फांद्यांवर हिरवी, लिंबाएवढी फळं होती. मावशींनी तिकडे पाहिलंच नाही.

झाड वाचलं. पुढच्या मे महिन्यात उरलेल्या बाजूवर फिकट गुलाबी फुलं आली. राउंडच्या वेळी मावशी एकाएकी पायरीवर बसल्या आणि आत्तापर्यंत कुणालाच न सांगितलेलं मला म्हणाल्या, "वाचणार नाही असं मलाही वाटलं होतं रे." मग उठून त्यांनी गॅरेजमधून एक कुंडी आणली. फेब्रुवारीत निरोगी फांदीची एक काडी खोचली होती, तिला चार पानं फुटली होती. "याला फळ कधी येईल?" मी विचारलं. "चार-पाच वर्षं." मावशींना पुढच्या महिन्यात ब्याऐंशीवं लागणार होतं, आणि माझ्या मनात काय आलं ते त्यांना कळलं. "म्हणूनच तुझ्याकडे देतेय," त्या म्हणाल्या, "आणि पुढच्याच अंगणात लाव."

कुंडी मी गाडीत शेजारच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा बांधला.