गाडी तुमच्याकडे

मास्तरांनी सव्वीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक असायचा. शिकणारा गडबडला की मास्तर म्हणायचे, "सोड, गाडी माझ्याकडे," आणि पाय दाबायचे. तरीही गाडी कुठे घासलीच, तर बोलणी तेच खायचे. आपल्या एकाही शिष्याला कोर्टाची पायरी चढावी लागली नाही, याचा त्यांना भारी तोरा होता; असावाच.

पुढे गाड्या आपल्या आपण चालायला शिकल्या आणि शिकवणी बंद पडली. तसल्याच गाड्यांच्या कंपनीनं मास्तरांना चालकाच्या जागी बसायला ठेवलं. "सुखाची नोकरी," त्यांनी घरी सांगितलं, "काही करायचं नाही, नुसतं बसायचं."

रोज निघण्याआधी एका कागदावर सही करायची. त्यात लिहिलेलं, की गाडीनं ताबा सोपवल्यावर जे घडेल त्याला बसलेली व्यक्ती जबाबदार. मास्तर सही ठोकून मोकळे व्हायचे. त्यासाठी चष्मा कोण शोधत बसणार?

त्या मंगळवारी दवाखान्यासमोरच्या वळणावर काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ रस्त्यात उतरले. मास्तरांना ते दिसले. गाडीलाही दिसले असतील, असं त्यांनी धरलं. वेग काही उतरेना. ब्रेक दाबावा, तर विनाकारण दाबल्याचा ठपका. महिन्यात दोन आधीच बसले होते. तेवढ्यात गाडी गोड आवाजात म्हणाली, "गाडी तुमच्याकडे."

गोगलगाय अन् पोटात पाय! म्हातारे तेव्हा अगदी समोर होते. मास्तर ब्रेकवर अक्षरशः उभे राहिले. गाडी थांबली तेव्हा काठी बंपरला टेकली होती. म्हाताऱ्यांनी काचेतून पाहिलं ते मास्तरांकडेच.

कचेरीत साहेबांनी पडद्यावरची नोंद दाखवली. "यंत्रणेचा दोष शून्य. शेवटचा एक सेकंद गाडी तुमच्या ताब्यात होती."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी काही घडलंच नव्हतं ना."

म्हातारे दोन पावलं पुढे असते, तर आज तुरुंगात मास्तरच गेले असते. चोर सोडून संन्याशाला फाशी! कंपनीला त्यांचा पाय नकोच होता, सही हवी होती.

उद्यापासून जायचं नाही, असं ठरवून ते घरी आले. स्वयंपाकघरात पाणी पीत बसले, तोच मुलगी धावत आली. तिला गाडी त्यांनीच शिकवलेली.

"बाबा, मुद्दाम सांगितलं नव्हतं तुम्हाला. मी तुमच्याच कंपनीत लागले! उद्या सकाळी पहिली फेरी. तुम्हीच म्हणता ना, नुसतं बसायचं?"

मास्तरांचा पाय फरशीवर कचकन दाबला गेला. तिच्या गाडीत त्यांच्या पायाशी ब्रेक नसणार होता. इतकी भीती त्यांना त्या वळणावरही वाटली नव्हती.

"सोड," ते कसंबसं म्हणाले.

"सोडली की!" ती हसली. "जुनी नोकरी दुपारीच सोडली."