आधी पडलेली दाढ

कळंबच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली तेव्हा आई खिडकीखालून ओरडत होती, "तिकडं मोठमोठे दवाखाने हायेत माय, दुखणं अंगावर काढू नको!" मी मान हलवली. पुण्याहून मुंबई, मुंबईहून थेट अमेरिकेतलं ओहायो.

तिथं नोकरीबरोबर दातांचा वेगळा विमा मिळाला. वेगळा, कारण त्या देशात दात शरीरात धरत नाहीत. मला त्याची गरज होती. नववीत कबड्डी खेळताना एकीचं कोपर लागून माझी खालची दाढ तुटली, ती काढावी लागली, आणि तेव्हापासून डावीकडनं मला भाकरीसुद्धा चावता येत नव्हती.

तिथली डॉक्टरीण म्हणाली, शेजारची दाढ मोकळ्या जागेत कलायला लागलीय, ब्रिज, म्हणजे दोन्हीकडच्या दातांच्या आधारावरची खोटी दाढ, बसवून घ्या. विमा कंपनी म्हणाली, मोठ्या कामाला पहिलं वर्ष थांबावं लागतं. थांबले. पगारातून हप्ता कापला जात राहिला, मी उजवीकडनं जेवत राहिले. वर्ष संपल्यावर कागद पाठवले, तर नकार. मी फोन लावला.

"ही दाढ आमचा विमा सुरू व्हायच्या आधीच गेलीय," पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली. "आधी गेलेल्या दाताला आमचा विमा लागू नाही."

"मग वर्षभर थांबवलं कशाला?"

"तो वेगळा नियम आहे, मॅडम."

"आणि शेजारची दाढ खराब झाली तर?"

"ती काढायचा खर्च मिळेल."

म्हणजे तोंड रिकामं करायला ही माणसं तयार, भरायला नाहीत! पुढं मी तिला शुद्ध कळंबच्या मराठीत जे ऐकवलं, ते इथं लिहीत नाही. तिनं शांतपणे विचारलं, "आणखी काही मदत हवीय?"

शेवटी सुट्टी काढून गावी गेले आणि कळंबमध्येच ब्रिज बसवला. मी दवाखान्यातल्या खुर्चीत तोंड वासून आडवी, तर बाहेरच्या बाकावरची एक मावशी मोठ्यानं म्हणाली, "का गं, अमेरिकेत दात बसवत न्हाईत व्हय?" सगळे हसले. माझं डोकं सणकलं. उठल्याबरोबर मी तिच्यावर घसरले, तीही तितक्याच जोरात उलटली, "एवढी शिकलीस, अन् बोलायची रीत न्हाय शिकलीस?"

मागून अमेरिकेला यायला निघालेल्यांनो, जरूर या, पण दात गावाकडंच नीट करून या. आणि मागं राहिलेल्यांनो, आम्ही सुखात आहोत असं धरून चालू नका. पत्ता मी आता ओहायोचाच लिहिते. पण घर म्हणजे माझ्यापुरतं एवढंच उरलंय: जिथं मी भांडले तर समोरचं माणूस नियम सांगत नाही, भांडतं.