डब्लिनच्या बाजारातल्या दोन सह्या

कोलंबसच्या विमानतळावरून निखिलच्या घरी जाताना मी त्याला चारदा तरी विचारलं, "घरं दिसतायत, पण माणसं कुठायत?" ओहायोतलं हे डब्लिन म्हणजे नीट कापलेलं गवत, एकसारखी घरं आणि दारात दोन-दोन गाड्या. माझा मुलगा बारा वर्षं इथे नोकरीच्या व्हिसावर आहे. ग्रीन कार्ड (कायम राहण्याचा परवाना) आज येईल, उद्या येईल, असं चाललेलं.

शनिवारी त्यानं मला शेतकऱ्यांच्या बाजारात सोडलं आणि तो गाडी लावायला गेला. मी पीच हातात घेऊन हुंगत होते, तर विकणाऱ्या आजोबांनी एक कापूनच दिलं. रस पार कोपरापर्यंत ओघळला. तो पुसतेय तोवर पुठ्ठ्याला कागद लावून एक साठीची बाई समोर आली. तिचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कुठल्याच मोठ्या पक्षाचा नव्हता. अशांना मतपत्रिकेवर नाव यायला राज्याराज्यांतून हजारो सह्या गोळा कराव्या लागतात म्हणे. ती बरंच बोलली, मी अर्धं ऐकलं. उन्हानं तिचं नाक सोललं होतं, ते बघून मी पेन घेतलं.

आमच्या वाईत गटार तुंबलं की गल्लीतून निवेदन फिरतं आणि घरातल्या सगळ्यांच्या सह्या मीच ठोकते. त्याच सवयीनं इथेही एका ओळीत माझी मराठी सही केली, खाली निखिलचं नाव लिहून त्याचीही. पत्ता तर विमानातच पाठ केला होता.

दुपारी जेवताना मी हे कौतुकानं सांगितलं. निखिलचा हात ताटातच थांबला.

"आई, ते पिटिशन फक्त इथले व्होटर साइन करतात. मी सिटिझन नाहीये."

"मग काढून टाकतील की."

"व्होटर म्हणून माझं नाव गेलं तर ग्रीन कार्ड रिजेक्ट होऊ शकतं. जॉब, घर, सगळंच."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू बोलत होता.

आम्ही तसेच उठून बाजारात गेलो. सगळे स्टॉल उठले होते. पीचवाले आजोबा खोकी भरत होते. म्हणाले, "ती शेजारच्या काउंटी फेअरला (जिल्ह्याच्या जत्रेला) गेली असेल." तिकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मक्याची शेतं होती. मागून पोलिसांची गाडी आली तेव्हा मी पदर तोंडाशी धरला. ती निघून गेली तरी मी तो सोडला नाही.

ती बाई जत्रेच्या फाटकाशीच भेटली. निखिलनं सांगितलं तसा तिचाही चेहरा उतरला. "हे कळूनही सही राहू दिली तर माझा अख्खा कागद बाद होईल," ती म्हणाली. सकाळचे कागद सुदैवानं अजून तिच्या गाडीत होते. बॉनेटवर ठेवून ती एकेक चाळू लागली. वारा होता. निखिल आणि मी दोन्ही हातांनी कागद दाबून उभे होतो. माझी मराठी सही लांबूनच ओळखू आली. तिनं पट्टी ठेवून दोन्ही ओळी खोडल्या.

"मीही नीट विचारायला हवं होतं," ती म्हणाली.

परतताना मी विचारलं, "मिटलं ना रे?"

"बहुतेक," निखिल म्हणाला.

त्या एका शब्दावर मी उरलेले दोन महिने काढले. टपालाची गाडी दाराशी थांबली की मी आतल्या खोलीत जाऊन बसायची.

वाईला आल्यावर आठवड्यातच शेजारच्या मंदाताई निवेदन घेऊन आल्या. "काकू, नेहमीसारख्या सगळ्यांच्या करा." मी माझी सही केली आणि निखिलच्या ओळीवर पेन अडलं. इथल्या मतदार यादीतून त्याचं नाव केव्हाच गेलंय. तिथलं मी माझ्या डोळ्यांसमोर खोडून घेतलं.

"निखिलची राहिली की," मंदाताई म्हणाल्या.

मी कागद तसाच परत दिला. ग्रीन कार्ड अजून आलेलं नाही.