भाजणीचा गट आणि मोबाइलमधला फळा

एकदा मी सोळा सोमवार धरले होते, ते आमचा उपवासाच्या भाजणीचा गट फुटू नये म्हणून! लोक देवाकडे मूलबाळ मागतात, नोकरी मागतात. मी आपल्या तीन मैत्रिणी मागितल्या. गट टिकला. पण चार बायका एका कढईभोवती बसल्या की पीठ अंगावर उडतं तसे किस्सेही उडतात, आणि ते काही झटकून जात नाहीत.

आम्ही चौघी केंदूरच्या. मी, शेजारची मंगल, शाळेतून निवृत्त झालेल्या रत्नाताई आणि सुनंदा. सुनंदाच्या यजमानांना दौंडला रेल्वेत नोकरी लागली, अन् ती तिकडं कॉलनीत राहायला गेली. जाताना म्हणाली, "काकू, आता मी तुमच्यात कुठली?" ते मनाला फार लागलं. भाजणी किती भाजायची याची खरी जाण तिलाच!

माझी सून प्रणाली सणसवाडीला कंपनीच्या ऑफिसात आहे. ती म्हणाली, "आई, तुमच्या गटाला एखादं ॲप घेऊ." दोन दाखवली. एक डिझाइनचं, त्यात पाकिटाची लेबलं झकास होतात. दुसरं म्हणजे नुसता कोरा फळा; आपापल्या मोबाइलवरून सगळ्यांनी पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, कुणी कुठंही असो. "पण एकच शिकू हं. दोन्ही घेतली तर एकही येणार नाही!"

*

निवडण्यासाठी दोन्ही करून पाहिली; आधी डिझाइन. मंगलनं दुपारभर बसून लेबल केलं. रंग सुरेख, अक्षर सुरेख, आणि थालीपीठाच्या शेजारी कांद्याच्या गोल गोल चकत्या!

"अगं मंगल, उपवासाच्या भाजणीवर कांदा?"

"चित्रातला हाय काकू, खायचा थोडाच हाय!"

*

मग फळा. रत्नाताई उपवास करत नाहीत, त्या बौद्ध. पण माझ्या उपवासाच्या दिवशी भाजणी चाखायचं काम त्यांचंच. फळा दिसल्यावर त्यांच्यातली शाळेची बाई जागी झाली. मंगलनं कामांची यादी चिकटवली, तर खाली लाल खूण आणि दहापैकी सहा गुण!

मंगल म्हणाली, "बाई, मला परत पहिलीत बसवता काय?"

"पहिलीतली पोरं वेलांटी तरी देत्यात!"

*

एक घोटाळा माझाही. शुभारंभ म्हणून मी पहिल्या चिठ्ठीवर 'श्री' लिहिला. मग श्रीच्या वर कसं लिहायचं? शेजारी तरी कसं? सगळ्यांनी खाली खाली एकच रांग लावली. प्रणालीनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आई, एवढा मोठा फळा मोकळा पडलाय, आणि तुम्ही रेशनच्या लाइनीत उभ्या का?"

दौंडहून सुनंदाचा फोन आला. "काकू, शेवटची चिठ्ठी गाठायला बोट सरकवतेय, सरकवतेय... एवढ्यात मी चालत केंदूरला आले असते की!"

*

मात्र त्यानंतर आठ दिवस सुनंदाचं फळ्यावर अक्षर नाही. फोन केला तर "घर लावतेय" एवढंच. मंगल म्हणाली, "सुनंदा येतच न्हाई, मग फळा कुणासाठी? लेबल तरी करू, दुकानदार मागतोय." तिचंही खोटं नव्हतं. पण लेबलं इथं बसून एका मोबाइलवर होणार, म्हणजे सुनंदाचा संबंध संपलाच की!

त्या दिवशी सोमवार, व्रताचं माझं मौन. बोलता येईना, म्हणून फळ्यावर लिहीत सुटले. चिठ्ठीमागून चिठ्ठी, विनवणीमागून विनवणी!

मंगल मोबाइल बघून ओरडली, "काकू, हे मौन हाय व्हय? गावसभेत बी एवढं बोलत न्हाईत!"

पण विरघळली. "पुढल्या सोमवारपर्यंत आली तर फळा. न्हाई तर डिझाइन."

*

आमच्याकडं जेवायला बसताना कुणी यायचं राहिलं असेल, तर त्याचं ताट वाढून झाकून ठेवतात. मी तेच केलं. रोज सकाळी फळ्यावर एक कोरी चिठ्ठी ठेवायची, वर फक्त नाव: 'सुनंदा'. मंगल हसायची. रत्नाताईंनी मात्र त्या चिठ्ठीवर कधी लाल खूण केली नाही.

सोमवार उजाडला. मंगल कढईत साबुदाणा भाजत होती, एका हातात झारा आणि दुसऱ्या हातात नव्या लेबलाचा मोबाइल. फळ्यावर कुणी काही लिहिलं नव्हतं, फोटोही टाकला नव्हता. मी मौनात, रत्नाताई खिडकीशी. तेवढ्यात कोऱ्या चिठ्ठीवर एकेक अक्षर उमटायला लागलं. रत्नाताईंनी मोठ्यानं वाचलं:

"साबुदाणा जास्त भाजताय. उतरवा आधी!"

मंगलनं कढईत पाहिलं. साबुदाणा खरंच लालसर झाला होता; दौंडला बसून सुनंदाला कसं कळलं, देव जाणे! आधी गॅस बंद केला. मग लेबलाचं ॲप.

तुमच्यातलंही कुणी लांब राहायला गेलं असेल ना? मग एवढं करा बाई माझ्यासाठी: रोज एक चिठ्ठी त्यांच्या नावाची कोरी ठेवा.