शनिवारीच दाखवलेलं शांत घर

तीनदा घर दाखवलं, तिन्ही वेळा शनिवारीच! का, ते आज कळलं. बायांनो, वाचा.

एजंट म्हणायचा, "काकू, शनिवारी मारुतीचं दर्शन घेऊनच मी घर दाखवतो." मला वाटलं, माणूस देवाधर्माचा आहे. घर नाशिक रोडला, गल्लीच्या टोकाला. इतकं शांत की वरच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता यायच्या. मला तेच पाहिजे होतं. आमच्या यांना कायम रात्रपाळी, झोप दिवसाच घ्यायची.

आज बुधवार. पडद्यांची मापं घ्यायला घरमालकिणीकडून किल्ली घेऊन एकटीच गेले. बेडरूमची खिडकी उघडली आणि धाड! परत धाड! भिंतीपलीकडे पत्र्याचा कारखाना. फाटकावरच पाटी, सुट्टी शनिवारी! काच थरथरत होती आणि मी टेप धरून नुसती उभी.

तिथूनच एजंटला फोन लावला. तर म्हणतो कसा, "काकू, रात्री बंदच असतो ना! सगळं जग रात्रीच झोपतं."

"मग माझा नवरा काय जगाबाहेरचा आहे का रे?"

फोन कट!

त्या गल्लीतल्या बायाही या ग्रुपात आहेत. मला बघून "या राहायला" म्हणालात, कारखान्याचं एकीलाही सांगावंसं वाटलं नाही?

आणि एजंट, घरांच्या जाहिराती टाकायला तूही या ग्रुपात आहेस, म्हणजे हे वाचतोयस. सोमवारी खरेदीखत आहे. व्यवहार मोडतोस की नाही, ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत इथेच सगळ्यांसमोर लिही. फोन करू नकोस.